मर्लोला नाक मुरडणाऱ्यांसाठी: बोर्डो, चिली, तिचिनो आणि घरचं जेवण

आंबटढाण (धागाकर्ती)

वाइन पिणाऱ्या चार मराठी माणसांत मर्लो या लाल वाइनच्या द्राक्षाचं नाव काढा, एक तरी नाक मुरडतोच. "ती होय? गोडसर, मऊ, नवशिक्यांची." हीच मंडळी फ्रान्सच्या बोर्डो भागातल्या पोमरोलची बाटली दिसली की आवाज खाली आणून बोलतात. अहो, पोमरोलमध्ये मुख्यतः मर्लोच असते! तिथल्या नामांकित पेत्रूसची बाग जेमतेम साडेअकरा हेक्टर, लागवड जवळजवळ सगळी मर्लोची, आणि बाटलीची किंमत निघाली की मी विषय बदलते.

आमच्या लंडनच्या टोळक्यात अधूनमधून एकच द्राक्ष घेऊन बसायची पद्धत आहे. बाटल्या निरनिराळ्या मुलखांतल्या, लेबलं झाकलेली, जेवण मात्र घरचं. मर्लोच्या फेऱ्यांनंतर माझं एक मत पक्कं झालंय, ते आधीच सांगते म्हणजे भांडायला सोपं. आपल्या जेवणासोबत मर्लो जितकी भारदस्त, तितकी ती वाईट लागते. थंड मुलखातली, जरा आंबटसर, ओकच्या पिंपात फार न मुरलेली घ्या. पैसेही वाचतात.

आता कुळाबद्दल थोडं. मर्लोचा बाप कॅबर्ने फ्राँ. आई कोण याचा छडा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात लागला: मादलेन न्वार दे शाराँत, पार विस्मरणात गेलेली जात. तिचा एक वेल ब्रिटनीत सोडून दिलेल्या जागी सापडला, आणखी काही शाराँतच्या खेड्यांत लोकांच्या घरांपुढे. ही आई फार लवकर पिकणारी. लेकीनंही तो गुण उचलला. कॅबर्ने सॉव्हिन्याँचा बापही कॅबर्ने फ्राँच, म्हणजे ही दोघं सावत्र भावंडं. पण मर्लो आठवडा-दोन आठवडे आधी पिकते, मणी मोठे, साल पातळ, तुरटपणा कमी.

बोर्डोचं सगळं राजकारण या आठवडा-दोन आठवड्यांत आहे. जिरोंद नदीमुखाच्या डाव्या काठाला मेदोक. तिथं रेती-गोटे, उन्हानं तापणारे, उशिरा पिकणाऱ्या कॅबर्नेला हवे तसे. उजवीकडे लिबूर्न गावाभोवती चिकणमाती आणि चुनखडी. चिकणमाती थंड राहते. तिथं कॅबर्ने सॉव्हिन्याँ पिकेपर्यंत शरदातला पाऊस येऊन ठेपतो, मर्लो मात्र त्याआधी घरात आलेली असते. लवकर फुटण्याचा तोटाही आहे, वसंतातलं उशिराचं हिव पहिलं हिलाच मारतं. आणि फेब्रुवारी १९५६ च्या थंडीत तर झोपलेले वेलसुद्धा वाचले नाहीत. पोमरोल आणि सँत-एमिल्याँच्या बागाच्या बागा मेल्या.

सँत-एमिल्याँमध्ये १९५५ पासून बागांची प्रतवारी आहे, साधारण दर दहा वर्षांनी नव्यानं होते आणि हल्ली दर वेळी कोर्टात जाते. ओझोन आणि शव्हाल ब्लाँ या सर्वांत वरच्या दोघांनी २०२१ मध्ये त्यातून अंगच काढून घेतलं. पोमरोलला प्रतवारी नाही आणि त्यांचं काही अडलेलं नाही. आपल्यासारख्यांनी या दोन नावांच्या शेजारची गावं बघावीत: फ्रोंसाक, कास्तियाँ, लालाँद-द-पोमरोल. तोच काठ, बरीचशी तीच माती, किमतीत मात्र जमीन-अस्मान. चार-सहा वर्षं बाटलीत गेलेल्या कास्तियाँला सुकलेल्या आलुबुखाऱ्याचा, तंबाखूच्या पानाचा आणि पावसानंतरच्या जंगलातल्या जमिनीचा वास येतो.

सोबत काय? आमच्याकडे कमी तिखटाचं सुकं मटण होतं, सुक्या खोबऱ्याचं भाजलेलं वाटण आणि वरून गोडा मसाला. गोड्या मसाल्यातलं दगडफूल आणि त्या वाइनमधली ती मातकट बाजू एकमेकांना ओळखीची निघाली. हे मी कुणाच्या पुस्तकातून घेतलेलं नाही, करून बघा.

चिली. ही गोष्ट धमाल आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या बागायतदारांनी बोर्डोतून वेल नेले. त्यात मर्लोबरोबर कार्मेनेर नावाची जातही गेली. पुढे फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीनं बोर्डोतल्या बागा संपवल्या आणि कार्मेनेर तिथून जवळपास नाहीशी झाली. चिलीत ती कीड गेलीच नाही, तिथं ती मर्लो या नावानं सुखानं नांदत राहिली. नोव्हेंबर १९९४ मध्ये झाँ-मिशेल बुर्सिको हे फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ मायपो खोऱ्यातल्या कार्मेन या वाइनरीच्या बागेत फिरत होते. वेल बघून ते म्हणाले, ही मर्लो नव्हे. मर्लोची आई ज्यांनी शोधली त्या २००९ च्या अभ्यासाचे प्रमुखही हेच बुर्सिको. दोन्ही जाती एकाच बागेत मिसळलेल्या, तोडणी एकाच दिवशी. कार्मेनेर तर मर्लोनंतर दोन-तीन आठवड्यांनी पिकते. मर्लो पिकलेली, कार्मेनेर कच्ची, म्हणून 'चिलीच्या मर्लो'ला तो प्रसिद्ध ढोबळी मिरचीचा वास.

हा वास लाक्षणिक नाही. ढोबळी मिरचीला ज्या मेथॉक्सिपायरझिन रसायनामुळे वास येतो, तेच कच्च्या कार्मेनेरमध्ये असतं. म्हणून मी मुद्दाम पीठ पेरलेली ढोबळी मिरची केली. बेसन चांगलं खमंग झालेलं. टेबलावरची निम्मी माणसं 'छे' म्हणाली, निम्म्यांनी बाटली संपवली. हल्ली चिलीत दोन्ही जाती वेगळ्या लावतात, तरी स्वस्त बाटल्यांत तो हिरवा वास अजून भेटतो आणि मला तो आवडतो.

कॅलिफोर्नियाबद्दल थोडक्यात. १९९१ मध्ये अमेरिकी टीव्हीवर रेड वाइन पिणाऱ्या फ्रेंचांना हृदयविकार कमी, अशा अर्थाचा कार्यक्रम झाला, लोक रेड वाइनवर तुटून पडले, आणि तुरट नसलेली म्हणून मर्लो सगळ्यांना सोपी गेली. मग वाटेल तिथं लावली. २००४ च्या एका सिनेमात नायक मर्लोला शिव्या घालतो, त्यावरून तिची जी अब्रू गेली ती अजून पूर्ण परतलेली नाही. चांगल्या बाटल्या आहेत, नापा खोऱ्यातल्या थ्री पाम्स बागेची मर्लो डकहॉर्नवाले १९७८ पासून काढतात. पण आपल्या तिखटासोबत साडेचौदा टक्के अल्कोहोल म्हणजे तोंडात जाळ. तिखट ज्या मज्जातंतूंना कळतं, त्यांनाच अल्कोहोलही डिवचतं.

येऊ द्या.

पेठी

लेख उत्तम. पिण्याचं परमिट काढलंय का, एवढंच विचारतो.

आंबटढाण

@पेठी, लंडनमध्ये नाही लागत हो. तुम्ही आलात तर तुम्हाला पन्हं.

शंकासुर

लिखाण आवडलं, पण माती-माती फार झाली. १९९० नंतर जगभरच्या मर्लो एकसारख्या लागू लागल्या, त्याचं कारण जमिनीत सापडणार नाही, वाइन बनवायच्या तळघरात बघा. मिशेल रोलाँ हे पोमरोलचे गृहस्थ. त्यांनी कितीतरी देशांत जाऊन एकच सल्ला दिला: उशिरा तोडा, पूर्ण पिकू द्या, नव्या ओकमध्ये ठेवा. त्यात माद्रिराँच्या पात्रिक द्युकुर्नो यांनी काढलेलं तंत्र, टाकीत ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे सोडून टॅनिन, म्हणजे तुरटपणा, मऊ करायचं. एवढं केल्यावर पेत्रूसची निळी माती काय आणि लाल माती काय. आपल्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हर वाइनरीलाही याच रोलाँचा सल्ला होता. लेबल झाकून तुम्हाला पोमरोल आणि चिली खरंच ओळखू आली का?

आंबटढाण

@शंकासुर, महागड्या बाटल्यांत नाही ओळखू आली, तिथं तुमचं म्हणणं मी मानते. म्हणूनच म्हणतेय की जेवणासोबत साध्या बाटल्या घ्या. साध्या बाटलीवर तळघरात कुणी फार पैसे खर्च करत नाही, मग मुलूख आपोआप बोलतो. कास्तियाँ आणि चिली कुणीही डोळे मिटून वेगळी काढली.

टायपो: माद्रिराँ नव्हे, मादिराँ.

शिवारातला

राम राम मंडळी. निफाड तालुक्यातला बागायतदार. खायची थॉमसन द्राक्षं आहेतच, थोडी वाइन द्राक्षंही केलीत, त्यात काही वर्षं मर्लोच्या ओळी होत्या. चवीचं तुम्ही बोला, मी बागेचं सांगतो.

फ्रान्समधला वेल हिवाळ्यात झोपतो. आमचा झोपतच नाही. म्हणून एप्रिलात खरड छाटणी, त्यावर काडी तयार करायची, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, त्यावर माल घ्यायचा. म्हणजे बोर्डोत माल सप्टेंबरात तुटतो तेव्हा आमच्या वेलाला अजून फूट यायची असते. आमची तोडणी जानेवारीअखेर ते मार्च. आता गंमत बघा. तिकडे द्राक्ष पिकतं तेव्हा दिवस थंड होत चाललेले, इकडे पिकतं तेव्हा ऊन चढत चाललेलं. निफाडला जानेवारीत पारा पाच-सहापर्यंत उतरतो, पण फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारी बत्तीसच्या वर. साखर पळते आणि आंबटपणा पडतो. मर्लोचं तर फारच. सोमवारी ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघून 'अजून चार दिवस' म्हणावं, तर शुक्रवारी मणी सुरकुतलेले. शिराझ एवढी घाई करत नाही, म्हणून आमच्याकडे लोक शिराझ आणि कॅबर्ने लावतात, मर्लोच्या वाटेला कमी जातात. तोडणीही पहाटे, क्रेट सावलीत, ऊन वर यायच्या आत गाडी वाइनरीत.

दुसरं मातीचं. ताईंनी चिकणमाती म्हटलं. आमची काळी माती चिकणच आहे, पण भारी काळ्या जमिनीत वेल माजतो. नुसता पाला. घड सावलीत, मग भुरी, मग डाऊनी, असे बुरशीचे रोग. वाइन द्राक्ष आम्ही मुरमाड हलक्या जमिनीत घेतो, डॉगरिज खुंटावर कलम करून, ठिबकनं मोजून पाणी देतो आणि मणी रंगायच्या सुमारास पाण्याचा ताण. मग पोमरोलच्या चिकणमातीत मर्लो माजत कशी नाही?

आंबटढाण

@शिवारातला, दादा, तुमच्या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं.

तुमच्या प्रश्नाचं मला कळलेलं उत्तर: पेत्रूसची निळी माती आणि तुमची काळी माती दोन्ही स्मेक्टाइट प्रकारच्या, पाण्यानं फुगणाऱ्या, उन्हानं भेगाळणाऱ्या. फरक असा, की ती माती पोमरोलच्या पठारावर एका उंचवट्यावर अगदी वर आलीय. पाऊस पडला की वरचा थर फुगून बंद होतो, बाकीचं पाणी उतारावरून वाहून जातं. मुळं खोल जाऊच शकत नाहीत. मातीत धरलेलं पाणी उन्हाळ्यात वेलाला हप्त्याहप्त्यानं मिळतं, फार नाही, पण तुटतही नाही. तुम्ही ठिबक आणि ताण देऊन जे करता, ते तिथं माती करते. शिवाय तिथं मान्सून नाही, पाऊस वर्षभर थोडा थोडा. सँत-एमिल्याँच्या चुनखडीचंही तसंच, दगड पाणी शोषून धरतो. त्याच दगडाच्या खाणी गावाखाली आहेत, एक अख्खं चर्च त्या खडकात कोरलेलं आहे.

शिवारातला

आता पटलं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस एकदम, तेव्हा काळी माती पाणी सोडतच नाही. त्या वेळी वेलावर माल नसतो हे नशीब.

गोथार्डपार

उशिरा आलो, पण धाग्याच्या मताला माझ्याकडून पूर्ण पाठिंबा, कारण मी तिचिनोत राहतो. स्वित्झर्लंडचा इटालियन बोलणारा कोपरा. इथं द्राक्षबागांपैकी सुमारे ८० टक्के मर्लो. फायलोक्सेरानं जुन्या जाती गेल्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोर्डोहून आणून लावली आणि ती इथलीच होऊन बसली. बाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही, कारण स्विस लोक आपल्या वाइनपैकी जेमतेम एक टक्का देशाबाहेर जाऊ देतात.

पाऊस भरपूर, गारपीटही. शिवारातला दादा, इथंही गारांपासून वाचवायला वेलांवर जाळ्या दिसतील. मोंते चेनेरी नावाच्या डोंगरानं भागाचे दोन तुकडे केलेत. उत्तरेला ग्रॅनाइटची हलकी जमीन, तिथली मर्लो पातळ अंगाची, लाल चेरीची, आंबट. दक्षिणेला माती जड, वाइनही भरीव. मला उत्तरेची आवडते, आंबटढाणताईंनाही तीच आवडेल, आयडी बघता.

इथं जंगलाच्या कडेला 'ग्रोत्तो' असतात: दगडी टेबलं, चेस्टनटची सावली, घरगुती जेवण. तिथं मर्लो अजूनही बोक्कालिनो नावाच्या छोट्या चिनीमातीच्या जगमध्ये येते. सोबत पोलेंता, म्हणजे तांब्याच्या भांड्यात तासभर घोटलेली मक्याची भरड, आणि ब्राझातो, मर्लोमध्येच मंद शिजवलेलं बीफ. बीफ न खाणाऱ्यांना अळंबी घातलेला रिसोत्तो. उन्हाळ्यात लुगानिगे हे सॉसेज निखाऱ्यावर. कुठंही तिखट नाही, पण चरबी आहे, आणि चरबी कापायला आंबटपणाच लागतो.

आमच्याकडे या वाइनबरोबर सर्वांत जमतं ते थालीपीठ. भाजणीचं, वरून लोण्याचा गोळा. भाजलेल्या धान्याचा खमंगपणा आणि लोणी, दोन्हीला ती आंबट चेरी पुरून उरते.

आणखी एक, इथं पांढरी मर्लोही करतात. काळ्या सालीच्या द्राक्षाचा रस पांढराच असतो. साल लगेच वेगळी केली की वाइन पांढरी. 'बियांको दी मर्लो'. ही पिठलं-भाकरीबरोबर द्या आणि मग मला सांगा.

तिरफळ

पांढऱ्या मर्लोचं वाचून बरं वाटलं, कारण इथं कुणी माशांचं नाव काढायलाच तयार नव्हतं. मी मालवणची, आमच्या जेवणात मटण रविवारी, मासे रोज.

लाल मर्लो आणि बांगडा: नको. तोंडात गंजलेलं पत्र्याचं डबडं चाटल्यासारखं होतं. आणि हा माझा लहरीपणा नाही, २००९ मध्ये जपानी संशोधकांनी तपासलं होतं, लाल वाइनमधल्या लोहामुळे माशाचा तो वास वर येतो. लोह जास्त तितका वास जास्त. मर्लो मऊ असली म्हणून सुटका नाही.

पण मासे सोडून बघायचं तर गोव्याचं चोरीस पाव घ्या. व्हिनेगर, लसूण, लाल मिरची, डुकराची चरबी. त्याला बोर्डो दिली की वाइन मेली, कारण पदार्थच वाइनपेक्षा आंबट. फ्रिउलीची साधी मर्लो, इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातली, बऱ्यापैकी टिकली. कोकम किंवा चिंच घातलेल्या कुठल्याही गोष्टीला मात्र मी लाल मर्लो देणार नाही.

शंकासुर

@तिरफळ, चिंच-गुळाच्या आमटीचं काय? आमच्याकडे त्याशिवाय जेवण होत नाही.

तिरफळ

आंबट आणि गोड एकदम? आमटीतल्या गुळानं वाइन कडू लागते आणि चिंचेनं पुचाट. आमटी भातावर घ्या, वाइन नंतर घ्या. प्रत्येक घासाला प्यायची सक्ती आहे का?

आंबटढाण

+१. हा नियम मथळ्यात टाकायला हवा.

रेनकोट

सिएटलहून. वॉशिंग्टनच्या मर्लोला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो. इथं म्हटलं की लोकांना पाऊस आठवतो, पण द्राक्षं कास्केड पर्वताच्या पलीकडे आहेत, पर्जन्यछायेत. महाबळेश्वर आणि माण-खटावचं जे नातं, तेच सिएटल आणि कोलंबिया खोऱ्याचं. वर्षाला दीडशे-दोनशे मिलिमीटर पाऊस, सगळी बाग कालव्याच्या आणि विहिरीच्या पाण्यावर. हिमयुगाच्या शेवटी मिझूलाच्या महापुरांनी आणून टाकलेली वाळू-गाळाची जमीन. रेताड म्हणून फायलोक्सेराला मानवत नाही, त्यामुळे बरेच वेल अजून स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत, कलम न करता.

अक्षांश बोर्डोच्या आसपासचा, त्यामुळे उन्हाळ्यातला दिवस लांब, रात्री मात्र गार. म्हणून इथल्या मर्लोला मऊ म्हणायची सोय नाही. तुरटपणा चांगला ठसठशीत, आणि आंबटपणाही टिकलेला. धोका हिवाळ्याचा. फेब्रुवारी १९९६ च्या थंडीनं बागांचे हाल केले होते, आणि मर्लो थंडीला कॅबर्नेपेक्षा हळवी.

जेवण: निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर कच्चा कांदा आणि लसणीच्या फोडणीचं तेल. दही घालू नका. धुराचा वास आणि वाला वाला भागातली मर्लो, बस्स. आंबटढाण यांचा 'जितकी भारदस्त तितकी वाईट' हा नियम इथं मोडतो, नोंद घ्यावी.

आंबटढाण

@रेनकोट, तुमच्याकडे आंबटपणा टिकलाय असं तुम्हीच लिहिलंत, म्हणजे नियम शाबूत. भरीत मात्र येत्या फेरीत नक्की.

पेठी

एवढं सगळं झाल्यावर पुण्यात काय मिळतं ते कुणी सांगेल का? की आम्ही नुसतं वाचनखूण साठवायची?

शंकासुर

@पेठी, बाहेरच्या बाटलीवर आयात शुल्क भरमसाट, २०२२ मध्ये ते १५० टक्के होतं. दहा युरोची कास्तियाँ इथल्या शेल्फवर येईपर्यंत ओळखू येत नाही. त्यातल्या त्यात ऑस्ट्रेलिया. त्यांच्याशी झालेला करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला, पाच डॉलरवरच्या बाटलीचं शुल्क तेव्हाच १०० वर आणि पंधरा डॉलरवरच्या बाटलीचं ७५ वर आलं, पुढे टप्प्याटप्प्यानं आणखी कमी होतंय. पण त्यांच्या मर्लोला एक जुनं दुखणं आहे. तिथल्या बऱ्याच बागा डी३व्ही१४ या एकाच क्लोनच्या, म्हणजे एकाच मूळ वेलाच्या काड्यांपासून वाढवलेल्या, आणि तो क्लोन काही फार गुणी नाही. अलीकडे नवे क्लोन लावलेत, त्यामुळे मार्गारेट रिव्हर वगैरे ठिकाणची बाटली दिसली तर घ्या.

न्यूझीलंडच्या हॉक्स बेची दिसली तर जास्त चांगलं. १८६७ च्या पुरात न्गारुरोरो नदीनं पात्र बदललं आणि मागे गोट्यांचं मैदान राहिलं, त्याला गिम्बलेट ग्रॅव्हल्स म्हणतात. तिथली मर्लो नीट पिकते आणि तरी चिडचिडी आंबट राहते. माती मानत नाही म्हणणारा मी, हे मीच लिहितोय, तेव्हा कुणी हसू नये.

शिवारातला

नाशिक-सोलापूरच्या मर्लोही मिळतात की. एकच सांगतो, बाटलीवरचं साल बघा आणि ताजी घ्या. आमच्या उन्हातली वाइन आहे, साठवून ठेवायला केलेली नाही. आणि दुकानात बाटली काचेत उन्हाला उभी असेल तर ती कुठल्याही देशाची असो, घेऊ नका.

नवा_भिडू

पहिलाच प्रतिसाद. रविवारी कोल्हापूरहून सासरची मंडळी येणार आहेत. मेनू ठरलेला: सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी, भात. सासरे वाइन घेतात. मर्लो चालेल का आणि कशी द्यायची? पुण्यात घरात सध्या तीस डिग्री आहे.

आंबटढाण

@नवा_भिडू, पांढऱ्या रश्शाला छान चालेल. नारळाचं दूध, काजू-खसखस, मटणाचं अळणी पाणी. त्याचा मवाळपणा मर्लोशी भांडत नाही. सुकं मटण तिखट किती त्यावर. तांबडा रस्सा असेल तेव्हा ग्लास बाजूला ठेवायला सांगा, तिथं कुठलीच लाल वाइन टिकत नाही.

'रेड वाइन रूम टेंपरेचरला' हे वाक्य विसरा, ती रूम तिकडच्या थंड देशातली. बाटली जेवणाच्या आधी दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. सोळा डिग्रीच्या आसपास प्यायला घ्या, ग्लासात ती पुन्हा तापतेच, म्हणून थोडी थोडी ओता. साडेतेरा टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल शक्यतो टाळा, लेबलवर लिहिलेलं असतं. तरुण साधी बाटली असेल तर आधी उघडून ठेवण्याची गरज नाही.

तिरफळ

@नवा_भिडू, आणि रश्शाला येणाऱ्या तर्रीची वाटी वेगळी ठेवा, ज्याला हवी तो घेईल. वाइनवाल्यांच्या ताटात नको.

पेठी

सासऱ्यांना परमिट विचारू नका म्हणजे झालं.

नवा_भिडू

धन्यवाद मंडळी. ऑस्ट्रेलियन एक आणि नाशिकची एक आणतो, दोन्ही झाकून देतो. सासरे म्हणतात त्यांना ओळखू येतं. सोमवारी इथंच कळवतो.

शिवारातला

नाशिकची आधी द्या. दुसऱ्या ग्लासाला तांबडा रस्सा सुरू झालेला असेल.